रिग्लीच्या भिंतीवरची नावं
अमेरिकेत बेसबॉलच्या वेडाबद्दल घरच्यांची तक्रार असते की सीझनला 162 मॅचेस म्हणजे माणूस घरात असून नसल्यासारखाच. हा मुद्दा एका बाजूने पटतो, रोज संध्याकाळी एकटाच टीव्हीसमोर बसणारा असेल तर घरच्यांना त्रास होणारच. पण टीमचं वेड घरच्यांचा वेळ खातंच असं सरसकट नाही म्हणता येणार. शिकागो कब्ज या बेसबॉल टीमचंच बघा ना, त्यांच्या घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, 1988 च्या ऑगस्टपर्यंत फ्लडलाइट्सच नव्हते, तिथल्या सगळ्या मॅचेस दिवसा उजेडी, त्यामुळे पोरं शाळेतून येईपर्यंत आजीने टीव्ही लावलेला असायचा आणि नऊपैकी शेवटच्या दोनतीन इनिंग्ज दोघं मिळून बघायचे, अशा आठवणी इथले जुने लोक अजून सांगतात.

आणि 2016 ला कब्जने 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनचं अंतिम विजेतेपद, जिंकलं तेव्हा लोकांनी काय केलं तर स्टेडियमच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावं लिहिली, आपल्या गेलेल्या आईवडिलांची, आजोबांची, ज्यांना हे बघायला मिळालं नाही त्यांची! क्लबनेही अडवलं नाही, वेव्हलँड आणि शेफील्ड अॅव्हेन्यूच्या बाजूला हात पोचेल तिथपर्यंत भिंत भरली होती. माझ्या ऑफिसातल्या एकाने वडिलांचं नाव लिहिलं, मुलीला खांद्यावर घेऊन, कारण खाली जागाच उरली नव्हती, आणि त्या मुलीने आजोबांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. त्यामुळे मी तरी म्हणेन की मॅच बंद करायला सांगण्यापेक्षा शेजारी बसून बघा, स्कोअरकार्ड कसं भरतात ते पोरांना शिकवायला सांगा.