सर्जरीच्या रेसिडेन्सीत होणारा त्रास: कॉलेजच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे तक्रार करण्याआधी काय तयारी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नवा आयडी काढून लिहितेय, कारण पुढे कळेलच. महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी जनरल सर्जरीत एमएस करतेय, दुसरं वर्ष. गाव, युनिट सांगणार नाही. कृपया कुणी अंदाजही बांधू नका.

त्रास दोन प्रकारचा आहे आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेत.

पहिला म्हणजे काम न मिळणं. माझ्याबरोबरची मुलं हर्निया, अपेंडिक्स स्वतः करतात, सर समोर उभे राहून शिकवतात. माझं नाव लिस्टवर कायम सेकंड असिस्टंट, लॅपला (दुर्बिणीच्या ऑपरेशनला) कॅमेरा धरायला. ड्रेसिंग, डिस्चार्ज कार्ड आणि नातेवाइकांशी बोलणं मात्र हमखास माझ्याकडे, कारण 'बायकांना ते छान जमतं'. लग्न कधी करणार, म्हणजे एक सीट वाया गेली, गायनॅक मिळत होतं तर इकडे कशाला आलीस, हे सगळं राउंडवर पेशंटसमोर ऐकलंय. पेशंटचे नातेवाईक मला सिस्टर म्हणतात त्याचं मला काही वाटत नाही, त्यांनी बाई सर्जन पाहिलेलीच नसते. ज्यांनी मला शिकवायचं, त्यांच्याकडून होतं ते लागतं.

दुसरा त्रास एका सहयोगी प्राध्यापकांचा. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) काय होतं ते बाहेरच्यांना कळावं म्हणून नीट लिहिते. स्क्रब झाल्यावर, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाउन-ग्लोव्ह्ज घातल्यावर, हात कमरेखाली न्यायचे नाहीत, वळायचं नाही, कशाला शिवायचं नाही. त्या दिवशी ओपन केस होती, माझ्या हातात डीव्हरचा रिट्रॅक्टर (अवयव बाजूला धरायचं हत्यार), लिव्हर वर उचलून धरलेलं. ऑपरेट करणारे सर वेगळे. हे सर 'बघायला' म्हणून माझ्या मागे आले आणि अंगाला अंग लावून उभे राहिले. मी सरकू शकत नाही, हाताने ढकलू शकत नाही, रिट्रॅक्टर सोडला तर आत हात घातलेल्या सरांना दिसायचं बंद. स्क्रब सिस्टरनी पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "सर, ट्रॉलीला लागतंय, मागे व्हा." तेव्हा ते हलले. असं आधीही झालं होतं, पण तेव्हा कुणी बघितलं नव्हतं.

रात्री ड्युटीवर असताना त्यांचे व्हॉट्सअॅप मेसेज येतात. ड्युटी रूममध्ये एकटीच का, झोपलीस का, चहाला ये. मी एकदा स्पष्ट लिहिलं की कामाव्यतिरिक्त मेसेज करू नका. त्यानंतर इलेक्टिव्ह (आधी ठरलेल्या ऑपरेशनांच्या) लिस्टवरून माझं नावच गायब झालं, नुसती वॉर्डात. आणि हेच माझे थिसिस गाइड आहेत. त्यांची सही झाली नाही तर थिसिस सबमिट होत नाही, म्हणजे परीक्षा नाही.

एचओडी (विभागप्रमुख) सरांशी आडवळणाने बोलून पाहिलं. "दुर्लक्ष कर, डिग्री घे आणि नीघ," म्हणाले. घरी सांगितलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला तेव्हापासून आई माझ्या प्रत्येक नाइटला फोन करते. तिला हे ऐकवलं तर ती मला घरी घेऊन जाईल, आणि मला सर्जनच व्हायचंय.

विचारायचं हे की, काम न देणं आणि हा स्पर्श, दोन्ही एकाच तक्रारीत लिहू का? नाव न देता तक्रार करता येते का? गाइड बदलून मिळतो का, की चौकशी चालू असताना मी त्यांच्याच हाताखाली राहायचं? आणि घटनेला दोन महिने होत आले, उशीर झालाय का? 'सोडून दे' सोडून काहीही सांगा.

*

सोनचाफा:

मी वकील आहे आणि काही संस्थांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, म्हणून सविस्तर लिहिते.

उशीर झालेला नाही, पण आता थांबू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात (सगळे पॉश म्हणतात तो) तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका.

निनावी चिठ्ठीवर ही चौकशी उभी राहत नाही, तक्रार लेखी आणि तुमच्या नावाने लागते. मात्र तुमचं नाव, तक्रारीतला मजकूर, चौकशीतलं बोलणं, यातलं काहीही बाहेर जाहीर करायला कायद्यानेच मनाई आहे.

गाइडचं सांगते, कारण हे फार थोड्या मुलींना माहीत असतं. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागणी केलीत तर समिती अंतरिम शिफारस करू शकते: दोघांपैकी एकाची बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, आणि त्या माणसाने तुमच्या कामाचं मूल्यमापन करायचं नाही. शैक्षणिक संस्था असेल तर त्याने तुमच्या अभ्यासावर देखरेखही करायची नाही. म्हणजे गाइड बदलण्याची मागणी नियमात बसते. तक्रारीसोबतच स्वतंत्र अर्ज द्या, आपणहून कुणी देत नाही. आणि रजा मागू नका. तुमच्या केसेस आधीच कमी आहेत, हलायचं त्यांनी.

दोन्ही गोष्टी एकत्र लिहायच्या का? नुसता भेदभाव या कायद्यात येत नाही. पण लैंगिक वर्तनाला नकार दिल्यावर काम काढून घेणं, तशी धमकी देणं, कामात अडथळा आणणं हे कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणून तुमचा मेसेज कोणत्या तारखेला गेला आणि लिस्टवरून नाव कधी गेलं, हे शेजारी शेजारी मांडा. आधीच्या आणि नंतरच्या ओटी लिस्टचे फोटो, लॉगबुकची पानं जोडा. लग्नाबद्दलचे शेरे, कॅमेराच धरायला देणं, बाकीच्या सरांचं वागणं, हे सगळं डीनकडे वेगळ्या अर्जात. एकाच कागदात घातलंत तर समोरचा पक्ष म्हणेल की हिला सगळ्याच युनिटबद्दल तक्रार आहे.

चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत साक्षीदारांची नावं. 'समेट करून टाका' असं कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, समेट फक्त तुम्ही मागितला तरच होतो आणि तोही पैसे घेऊन नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. पण घाईचाही आग्रह नको. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली, कारण समितीने घाईत चौकशी उरकून त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. चौकशी नियमाने झाली तरच निकाल टिकतो.

*

उत्तरायण:

मी सर्जन आहे, इंग्लंडमध्ये. तुला तू म्हणते, माझी भाची तुझ्याएवढी आहे.

रिट्रॅक्टरचं वाचलं आणि हात थरथरले. इथे २०२३ च्या सप्टेंबरात ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीमध्ये सर्जरीत काम करणाऱ्यांची पाहणी आली. गेल्या पाच वर्षांत सहकाऱ्यांकडून लैंगिक छळ झाल्याचं ६३ टक्के स्त्रियांनी सांगितलं, ३० टक्के स्त्रियांनी लैंगिक हल्ला झाल्याचं सांगितलं. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये सर्जनांच्या कॉलेजने पाहणी केली, निम्म्याच्या आसपास लोकांनी छळ, दमदाटी किंवा भेदभाव सोसलेला निघाला, आणि अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. हे अशासाठी सांगते की तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे होतंय, असं तुला पुढे पटवलं जाईल. ते खोटं आहे. आमच्या धंद्यात शिकणं एकाच माणसाच्या मर्जीवर असतं, तो टेबलावर जागा देईल तेव्हाच हात चालतो. त्या मर्जीचा हा गैरवापर आहे.

तोवर हात थांबू देऊ नकोस. दुसऱ्या युनिटच्या इमर्जन्सी लिस्टला उभी राहा. रात्रीच्या अपेंडिक्सला जास्तीचे हात कुणालाही हवेच असतात. आणि आईला सांग. आपण समजतो त्यापेक्षा आया खंबीर असतात.

*

धागाकर्ती:

सोनचाफा ताई, उत्तरायण मॅडम, मनापासून आभार. दोन वेगळे अर्ज करायला घेतलेत, लिस्टचे फोटो बॅचमधल्या एका मित्राने न विचारता काढून दिले. आईशी रविवारी बोलणार.

एकच अडलंय. त्या सिस्टर एकट्या कमावत्या आहेत, कंत्राटावर. त्यांचं नाव साक्षीदार म्हणून घातलं आणि त्यांची नोकरी गेली तर? त्यांना न विचारता मी नाव देणार नाही.

*

सोनचाफा:

बरोबर आहे, आधी त्यांच्याशी बोला, रुग्णालयाबाहेर. समितीला दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढायचे अधिकार आहेत. त्यामुळे 'मी आपणहून गेले नाही, समितीने बोलावलं म्हणून जे पाहिलं ते सांगितलं,' असं त्यांना म्हणता येतं. कंत्राटी माणसाला याचा मोठा आधार असतो. साक्षीदाराचं नाव जाहीर करायलाही मनाई आहेच. तरीही त्या नको म्हणाल्या तर त्या दिवशीच्या ओटी रजिस्टरवर ड्युटीला कोण कोण होतं याची नोंद असेल, तारीख आणि केस लिहून ते रजिस्टर मागवण्याची विनंती समितीला करा. अर्जाचा मसुदा झाला की सगळी नावं खोडून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून देते.