रेनॉल्ड्सच्या व्यक्तिचित्रांतले चेहरे फिके का पडले?

प्रश्न (सावंतवाडी):
मी तैलरंगात व्यक्तिचित्रे करतो. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सची (१७२३–१७९२) चित्रे पाहताना वस्त्रे आणि झाडी भरदार दिसतात, पण कित्येक चेहरे मात्र रक्त उतरल्यासारखे पांढुरके वाटतात. हा छपाईचा दोष आहे की मूळ चित्रांचाच? लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या पहिल्या अध्यक्षाला त्वचेचा रंग टिकवता येऊ नये, हे मला पटत नाही.

उत्तर (मालवण):
दोष मूळ चित्रांतच आहे. गालांवरच्या लालीसाठी रेनॉल्ड्स कोचिनील किड्यापासून केलेला कार्माइन हा तांबडा रंग वापरत असे. त्याचा पारदर्शक थर दिला की कातडीखाली रक्त खेळत असल्याचा भास होतो, आणि हिंगुळाच्या जड, अपारदर्शक तांबड्याने ते साधत नाही. परंतु कार्माइन उजेडात उडतो. लाली उडाली की खालचे पांढुरके रंगकामच उरते. त्याच्या हयातीतच चित्रे फिकी पडू लागली होती आणि गिऱ्हाइके तक्रार करीत होती.

उत्तर (रत्नागिरी):
वरील उत्तरात एक भर घालतो. इटालियन चित्रकार तिशियनच्या रंगांचे गुपित गवसावे या ध्यासाने रेनॉल्ड्सने तेलात मेण, राळ, अंडे असे बरेच काही मिसळून पाहिले. गडद भागांत त्याने वापरलेले बिटुमेन, म्हणजे डांबरासारखे काळपट द्रव्य, कधीच पुरते वाळत नाही. त्यामुळे वरचा थर आक्रसला की खालचा सरकतो आणि उन्हाळ्यात खाजणातल्या चिखलाला पडाव्यात तशा भेगा पडतात. तरीही त्याला बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण १७८९मध्ये डाव्या डोळ्याची दृष्टी जाईपर्यंत हा माणूस शोधतच राहिला. आमच्याकडे पावसाळ्यात तैलरंग आठवडेच्या आठवडे ओला राहतो, तेव्हा त्याची धडपड मला समजते.

उत्तर (देवगड):
आपण अ‍ॅलिझरिन (हाही उजेडात उडणारा लाल रंग) वापरत असाल तर एक पट्टी रंगवा, तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. काही महिन्यांनी कागद काढला की उत्तर समोर दिसेल.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजीच्या चित्रात ओठांसाठी मी अ‍ॅलिझरिनच वापरला होता, आणि ते चित्र ओसरीवर, थेट उजेडात टांगले आहे. ते आजच माजघरात हलवतो आणि पट्टी उद्या खिडकीत लावतो.