मदत हवी आहे: धरून ठेवलेला एचआयव्ही टी पेशीकडे जातो कसा?

नमस्कार मंडळी,

सूक्ष्मजीवशास्त्राच्या सेमिनारसाठी हा विषय घेतलाय आणि एका जागी अडकले आहे. टी पेशीत (रोगप्रतिकार करणारी पांढरी रक्तपेशी) शिरायला एचआयव्हीला तिच्या पृष्ठभागावरचं सीडी४ हे प्रथिन लागतं आणि जोडीला सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एक प्रथिन, इथवर ठीक. पण परिपक्व डेंड्रिटिक पेशीत (जंतू पकडून टी पेशीला दाखवणारी पेशी) विषाणू फारसा वाढत नाही, तरी ती त्याला धरून ठेवते आणि टी पेशीच्या हवाली करते. २००० सालच्या लेखांत हे काम डेंड्रिटिक पेशीवरच्या डीसी-साइन या प्रथिनाच्या नावावर आहे, २०१२ नंतर तिच्यावरचंच दुसरं प्रथिन, सिग्लेक-१, पुढे येतं.

विषाणूवरचं जीपी१२० (सीडी४ला चिकटणारं त्याचं बाहेरचं प्रथिन) इथेच अडकून पडलं तर पुढे सीडी४ला काय चिकटणार? आणि विषाणू सुटतो कसा? आकृती तीनदा खोडली, बाण कुठून कुठे न्यायचा तेच ठरत नाही. परवा सादरीकरण आहे, कृपया मदत करा.

प्रतिसाद १

शंका अगदी मोक्याची आहे. सिग्लेक-१ जीपी१२०ला धरतच नाही! विषाणू बाहेर पडताना यजमान पेशीचंच पटल पांघरून निघतो. त्या पटलात जीएम३सारखी गँगलिओसाइड (शर्करा जोडलेले मेद रेणू) असतात, त्यांच्यावरचं सायलिक आम्ल (एक शर्करा) सिग्लेक-१ पकडतो. जीपी१२० मोकळंच राहतं. डीसी-साइन मात्र जीपी१२०वरच्या मॅनोज शर्करेला धरतो, म्हणून दोघांचे बाण वेगळे काढा.

धरलेले विषाणू पृष्ठभागालगतच्या एका पिशवीत गोळा होतात. टी पेशी येऊन टेकली की ते त्या सांध्याकडे सरकतात. डेंड्रिटिक पेशीवरचा आयकॅम-१ आणि टी पेशीवरचा एलएफए-१ ही एकमेकांना चिकटणारी प्रथिनं हा सांधा घट्ट ठेवतात. सीडी४ आणि सीसीआर५ही तिथेच गोळा झालेले असतात, त्यामुळे विषाणूला फार लांब जावं लागत नाही.

सुटण्याबद्दल मला पटलेलं कारण असं: सिग्लेकची एकेक पकड कमकुवत, अनेक मिळून विषाणू धरतात. जीपी१२० आणि सीडी४ यांची पकड त्याहून कितीतरी घट्ट.

धागाकर्ती

खूप आभार! मी सगळे बाण जीपी१२०पाशीच आणत होते, घोळ तिथेच होता. आणखी एक: इंटरफेरॉनमुळे (विषाणू आल्यावर पेशी सोडतात ते इशाऱ्याचं प्रथिन) सिग्लेक-१ वाढतो ना? मग विषाणूविरुद्धची हाकच त्याला जास्त हात पुरवते?

प्रतिसाद १

हो. अल्फा इंटरफेरॉन दिलेल्या डेंड्रिटिक पेशी प्रयोगात जास्त विषाणू धरतात आणि जास्त पुढे देतात. सिग्लेक-१ला प्रतिपिंडाने (त्यालाच नेमकं चिकटणाऱ्या अँटिबॉडीने) झाकलं की हे देणं बरंच घटतं. आकृतीत तो प्रतिपिंडही दाखवा, परीक्षक हमखास विचारतात.