छातीत दुखत असताना चेहरा शांत असेल, तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

होटगी रोड (धागाकर्ता)

हृदयविकाराचा रुग्ण म्हटले की छाती आवळून धरलेला, घामाने भिजलेला आणि चेहऱ्यावर भीती उमटलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. छातीवर मूठ धरून दुखणे दाखवण्याच्या या खुणेला वैद्यकशास्त्रात सॅम्युएल लेव्हिन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांचे नावही मिळालेले आहे. मात्र २०१४ मध्ये जेफ्री क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या समजाला छेद देतो. अमेरिकेतील तातडीच्या विभागात छातीत दुखणे आणि दम लागणे या तक्रारी घेऊन आलेल्या ५० रुग्णांना त्यांनी भावना जागवणारी काही दृश्ये दाखवली, त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यांचे चित्रण केले आणि पॉल एकमन व वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, म्हणजे चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक देऊन, त्यांची मोजदाद केली. ज्यांना पुढे हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार निघाला, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव इतरांपेक्षा कमी बदलत होते, आणि आश्चर्याचा भाव तर विशेष कमी दिसला.

माझा प्रस्ताव साधा आहे. आपल्याकडील रुग्णालयांत केसपेपरवर नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांच्या शेजारी ‘बोलताना चेहरा प्रतिसाद देतो का’ अशी एक नोंद असावी. त्याला खर्च येत नाही, आणि शांत दिसणाऱ्या रुग्णाला ‘गॅस झाला असेल’ म्हणून बाकावर बसवून ठेवण्याची सवय त्यामुळे मोडेल.

साखर पेठ

प्रस्तावामागची तळमळ समजते, पण आधार फारच अपुरा आहे. ५० रुग्णांपैकी गंभीर आजार निघालेले अर्थातच मोजकेच असणार, आणि एवढ्या लहान संख्येवरून केसपेपरचा रकाना ठरवणे धाडसाचे आहे. शिवाय तो रुग्ण पडद्यासमोर बसून दृश्ये पाहत होता. आपला रुग्ण काय पाहत असतो? मुलगा खिडकीपाशी पैशांची जुळवाजुळव करतो आहे आणि सून फोनवर गावाकडे निरोप देते आहे, हे तो पाहत असतो.

आता सोलापूरचेच घ्या. पूर्व भागातली विडी वळणारी बाई घरात तेलुगू बोलते, आजूबाजूला कोणी कन्नड तर कोणी दखनी बोलणारे असतात, आणि डॉक्टर मराठीत विचारतात. उत्तर बहुधा नवरा किंवा मुलगा देतो, ती खाली मान घालून ऐकते. मोठ्या माणसासमोर चेहरा आवरून बसायचे हे तिला लहानपणापासून शिकवलेले आहे. या स्तब्धतेत आजार किती आणि रीत किती, हे घाईत असलेल्या कर्मचाऱ्याने कसे ओळखायचे? लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेऊन हेच मांडले आहे की चेहऱ्याच्या हालचालीवरून आतली भावना खात्रीने वाचता येत नाही, कारण तीच भावना माणसागणिक, प्रसंगागणिक आणि समाजागणिक वेगळी उमटते.

छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा आणि तो वाचला जावा, असा संकेत आहे. तो पाळला जातो का, यावर आपण भांडू या. चेहऱ्याच्या रकान्याने आणखी एक मिनिट खाऊ नये.

निवृत्त परिचारिका, विजापूर रोड

साखर पेठकरांचे म्हणणे वाचले, पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली आहे. चेहरा आम्ही आजही वाचतो, फक्त लिहून ठेवत नाही. जो कण्हतो, ज्याचे नातेवाईक ओरडतात, त्याच्याकडे ब्रदर आणि सिस्टर आधी धावतात. जो भिंतीला टेकून गप्प बसतो, त्याची पाळी नंतर येते. म्हणजे रकाना नसतानाही चेहऱ्यावरून क्रम लागतोच, आणि तो बहुतेक वेळा उलटा लागतो.

त्यात मधुमेहाची भर घाला. बरीच वर्षे शुगर असलेल्या माणसाच्या हृदयाकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसाच निकामी होत जातात, त्यामुळे झटका येऊनही त्याला कळ जाणवत नाही किंवा फार थोडी जाणवते. त्याला दम लागतो, घाम येतो, मळमळते, आणि तो म्हणतो, ‘काही नाही सिस्टर, रात्री शेंगाचटणी जरा जास्त झाली.’ हे तो हसून म्हणतो, पण ते हसू ओठांपुरतेच असते. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच दाखवून दिले होते की खऱ्या आनंदाच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो, आणि तो सहसा ठरवून आवळता येत नाही.

याचा हृदयाशी संबंध जोडणारा अभ्यासही आहे. एरिका रोझेनबर्ग, एकमन आणि इतरांनी २००१ मध्ये हृदयधमनीचा विकार असलेल्या ११५ पुरुषांची मुलाखत चालू असताना त्यांचे चेहरे तपासले. मुलाखतीदरम्यान ज्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ कमी पडला, त्यांच्या चेहऱ्यावर रागाचे भाव आणि आनंद नसलेले हसू इतरांपेक्षा जास्त दिसले. रुग्ण हसतो आहे म्हणजे बरा आहे, हा निष्कर्ष काढण्याआधी निदान डोळ्यांकडे तरी पाहावे.

जुळे सोलापूर

सिस्टरांच्या शेवटच्या मुद्द्यावरून मला तर वाटते की राग दाबून हसत राहण्यानेच हृदय बिघडते. मग राग मोकळेपणाने बाहेर काढावा, हेच बरे नव्हे का?

साखर पेठ

नाही. त्या अभ्यासात राग चेहऱ्यावर दिसतच होता, दाबलेला नव्हता. आणि १९९५ मध्ये मरे मिटलमन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा तीव्र रागानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका दुपटीहून थोडा अधिक झाल्याचे आढळले. ‘मोकळे व्हा’ हा सल्ला घराघरांत दिला जातो, पण हृदयाच्या रुग्णाला तो देण्याआधी विचार करावा.

मात्र एक विसंगती लक्षात घ्या. २००१ च्या अभ्यासात भाव जास्त दिसले, २०१४ च्या अभ्यासात कमी. दोन्ही खरे असू शकतात, कारण एकीकडे जुना विकार असलेले पुरुष आपल्याच आयुष्यातल्या चीड आणणाऱ्या गोष्टींवर बोलत होते आणि दुसरीकडे नुकताच त्रास सुरू झालेले लोक परकी दृश्ये पाहत होते. पण मग सिस्टरने रकान्यात काय लिहायचे? भाव जास्त असले तरी धोका आणि कमी असले तरी धोका, असे असेल तर रकान्याचा उपयोग काय?

हौशी नाट्यकर्मी, नवी पेठ

आश्चर्याचा भाव कमी दिसला, हे मला फार बोलके वाटते. नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायीभावांत विस्मय आहे, आणि नटाला तो सर्वांत महाग पडतो, कारण भुवया, डोळे आणि श्वास एकदम उचलावे लागतात. ज्याला श्वासच पुरत नाही, त्याचा विस्मय आधी जाणार. हा माझा तर्क आहे, पण तालमीत थकलेल्या नटाच्या बाबतीत हे रोज दिसते.

जुळे सोलापूर

मग हे काम मोबाइलच्या कॅमेऱ्यावरच का सोपवू नये? चीनमध्ये चेहऱ्याच्या छायाचित्रावरून संगणकाने हृदयविकार ओळखल्याचे वाचले आहे.

होटगी रोड (धागाकर्ता)

तो २०२० चा अभ्यास आहे आणि त्याचा भावांशी संबंध नाही. तो चेहऱ्याच्या ठेवणीवर आणि वयाच्या खुणांवर चालतो. त्यातही विकार असलेल्या १०० जणांतले ८० ओळखले गेले, पण विकार नसलेल्या १०० जणांतल्या ४६ जणांवरही तोच शिक्का बसला. कॅमेरा बाजूला ठेवू या.

साखर पेठकरांच्या विसंगतीच्या आक्षेपावर माझे उत्तर असे की रकाना भावांची संख्या मोजण्यासाठी नसावा. त्याचा उपयोग एकाच दिशेने व्हावा: चेहरा निर्विकार दिसला तर तपासणी लवकर करावी, पण चेहरा बोलका आहे म्हणून कोणालाही मागे ठेवू नये.

साखर पेठ

कागदावर ही दिशा एकच राहील, रांगेत राहणार नाही. मे महिन्यात पारा ४४ वर असताना दुपारी तीन वाजता बाकावरचा प्रत्येक चेहरा निर्विकार असतो. ईसीजीचे यंत्र एकच आहे, दोघे एकाच वेळी आले आहेत, एक ओरडतो आहे आणि एक गप्प आहे. गप्प बसलेल्याला पुढे घेतले की ओरडणारा आपोआप मागे जातो. तुमचा रकाना सिस्टरला नेमके काय करायला सांगतो?

निवृत्त परिचारिका, विजापूर रोड

रकाना काही सांगत नाही, सिस्टरच ठरवते. घाम, नाडी, रक्तदाब आणि शुगरचा इतिहास पाहून ज्याचे बिघडलेले दिसते, त्याचा ईसीजी आधी. या सगळ्यांत दोघे सारखेच निघाले तर मी गप्प बसलेल्याचा आधी काढेन, कारण ओरडणाऱ्याची तब्येत आणखी बिघडली तर पाच जण मला सांगायला येतील.

साखर पेठ

हा क्रम मला मान्य आहे. पण त्याचे कारण गर्दीत आहे, चेहऱ्यात नाही, आणि म्हणून केसपेपरवर त्याचा रकाना नसावा, हे माझे मत कायम आहे.