मदत हवी आहे : विहिरींच्या पाणीपातळीचा आलेख ग्रामसभेला कसा समजावा?
गावातील १२ विहिरींच्या पाणीपातळीच्या ५ वर्षांच्या मासिक नोंदी ग्रामसभेत दहा मिनिटांत, प्रोजेक्टरविना, एकाच छापील फ्लेक्सवर मांडायच्या आहेत. खोली जमिनीपासून मोजलेली असल्यामुळे पाणी आटले की रेषा वर चढते आणि लोक ती वाढ समजतात. म्हणून उभा अक्ष उलटा केला, महिन्यांच्या जागी पोळा, दिवाळी, होळी असे टप्पे लिहिले, तरी बारा रंगीत रेषांच्या शेवया काही सुटल्या नाहीत. सरासरी काढल्यास टेकडीकडच्या, जानेवारीतच तळ दाखवणाऱ्या दोन विहिरी लपतात. फ्रेंच अभियंता शार्ल मिनार यांच्या १८६९ च्या आलेखात रशियावर चालून गेलेल्या नेपोलियनच्या ४,२२,००० सैनिकांचा रुंद पट्टा परतीच्या वाटेवर १०,००० पर्यंत बारीक होतो, तसे एकच सूत्र मला हवे आहे. मालकांची नावे देता येणार नाहीत. अशा वेळी एकाच विहिरीची कथा ठळक रेषेने सांगून उरलेल्या अकरा फिकट ठेवाव्यात, की त्यामुळे बाकीच्यांना ‘आमच्या विहिरीचे काय?’ असे वाटेल?