स्वयंसेवकांना दोन ओळींचा मेसेज पुरतो?

निळी शाई
'स्वयंसेवक टिकत का नाहीत' या धाग्यावर काल एक प्रतिसाद आला: "वेबसाइट देणगीदारांसाठी असते. स्वयंसेवक काही वाचत नाहीत. ग्रुपवर दोन ओळी टाकल्या की त्यांना पुरतं." हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

स्वयंसेवक वाचतात. फक्त घरी बसून हँडबुक वाचत नाहीत, अडचण समोर उभी राहिली की वाचतात. आणि नेमकं तेव्हाच त्यांना काही सापडत नाही.

मी मुलांच्या अभ्यासवर्गावर जाते. एकदा एका मुलीला फिट आली. सोबतची कार्यकर्ती अगदी नवीन होती. तिनं फोनवर संस्थेची साइट उघडली. 'डाउनलोड्स'मध्ये 'हँडबुक_फायनल_नवीन_२' नावाची पीडीएफ. ए४ आकाराचं पान, बोटांनी मोठं करत, डावी-उजवीकडे सरकवत ती शोधत होती. शोधाच्या चौकटीत 'फिट' टाकलं तर काहीच नाही, कारण सगळं हँडबुक स्कॅन केलेलं. तोवर मी मुलीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली, घड्याळ बघत बसले. मुलगी सावरली. पण ती कार्यकर्ती पुन्हा आली नाही. आता तिच्याबद्दलही 'वाचत नाहीत' म्हणायचं का?

माझं म्हणणं एवढंच: 'आमचं ध्येय', 'आमचा प्रवास' यांच्या आधी तीन गोष्टी हव्यात. जाण्यापूर्वी काय माहीत हवं, तिथे असताना काय करायचं, आणि बिघडलं तर कुणाला फोन करायचा. साधी पानं, फोनवर उघडणारी.

जुना कार्यकर्ता
तो प्रतिसाद माझाच. शब्द मागे घेणार नाही.

आमच्या कार्यालयात दोन माणसं आहेत. हिशेब, अहवाल, परवानग्या, सगळं तीच बघतात. ही पानं अद्ययावत कोण ठेवणार? हौसेनं साइट नवी करणारा मुलगा नोकरी लागली की जातो, पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. मग तीन वर्षं जुना फोन नंबर पानावर तसाच राहतो. चुकीची माहिती असण्यापेक्षा माहिती नसलेली बरी. ग्रुपवर विचारलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

पायवाट
दोन मिनिटांत उत्तर देतं कोण, दादा? ते मी देत होते. 'किल्ली कुणाकडे आहे', 'उद्या वर्ग आहे का', 'प्रवासखर्चाचा फॉर्म कुठे मिळेल', रात्री अकरालासुद्धा. तेच प्रश्न, दर महिन्याला नवीन माणसं. आधीचा मेसेज शोधायला जावं तर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलेला. शेवटी मी ग्रुप सोडला, आणि कामही. तुमच्या 'फुकट' व्यवस्थेचा खर्च माझ्यासारख्यांनी उचललाय.

साधं कुलूप
पानं करा, पण सगळं लॉगिनच्या आत ठेवा. कुणीही येऊन आपली कार्यपद्धती वाचावी हे मला पटत नाही.

काजवा
झालं! फिट आलेल्या मुलीसमोर उभं राहून पासवर्ड आठवायचा? आमच्याकडे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती. आई ज्येष्ठांना वाचून दाखवायला जायची, तिनं पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. तिलाच काय म्हणून बोलायचं? ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलंय. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा तेवढा बदलतात.

साधं कुलूप
निस्ट मला शिकवू नका. एका संस्थेत माझ्या डोळ्यांदेखत झालंय. लाभार्थी कुटुंबांची यादी, मुलांची नावं, पत्ते, आईचा फोन, सगळं एका ऑनलाइन तक्त्यात. लिंक ज्याच्याकडे त्याला उघडणार. काम सोडून गेलेल्या एका स्वयंसेवकानं त्या घरांत विमा विकायला फोन केले. एका बाईनं मला विचारलं, "ताई, मुलीच्या आजाराचं त्यांना कुणी सांगितलं?" मला तोंड वर करून बघता येईना. तुम्हाला सोय सुचतेय, मला ती बाई दिसते.

काजवा
वाईट झालं, खरंच. पण ते साइटवरच्या सूचनांमुळे झालं नाही. तक्ता सगळ्यांना उघडा ठेवल्यामुळे झालं. आणि चाळीस जणांना एकच पासवर्ड वाटलात तरी हेच होणार. एका किल्लीच्या चाळीस नकला काढल्यावर ते कुलूप कसलं?

साधं कुलूप
मी एकच पासवर्ड वाटा म्हटलं कुठे? दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालू नका.

निळी शाई
थांबा दोघंही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधताय. फिट आल्यावर काय करायचं, मुलाबरोबर एकट्यानं खोली बंद करून बसायचं नाही, तक्रार कुठे नोंदवायची, हे जगानं वाचलं तरी चालेल. उलट पालकांनी वाचायलाच हवं. माणसांची माहिती मात्र कुलपात, प्रत्येकाला स्वतःचं खातं, आणि ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसेल. माणूस काम सोडेल त्याच दिवशी त्याचं खातं बंद.

साधं कुलूप
'त्याच दिवशी' हे कुणाचं काम, ते नावानिशी ठरवणार असाल तर सूचना उघड्या ठेवायला माझी हरकत नाही. नाव ठरत नाही तोवर आहे.

कानसेन
इतका वेळ कुलपावर गेला, पण स्कॅनचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. स्कॅन केलेल्या पानावर मला 'चित्र' एवढंच ऐकू येतं. फॉर्मच्या चौकटींना नावं दिलेली नसतात, त्यामुळे कुठे काय भरायचं ते कळत नाही. मी फोनवर समुपदेशन करतो, पण तिथला नोंदणी फॉर्म मला दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागला.

वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीचे निकष १९९९ पासून आहेत. २०१८ च्या आवृत्तीत तर स्पष्ट आहे की ३२० पिक्सेल रुंदीतही, म्हणजे लहान फोनच्या पडद्यावरही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. म्हणजे निळी शाई यांच्या कार्यकर्तीची अडचणही त्यातच येते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ एवढा फरक हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं हौसेनं ठेवतात, ती उन्हात उभं राहून कुणालाच वाचता येत नाहीत. मजकूर टाइप करा, मथळ्यांना मथळा म्हणून खूण करा. याला पैसे लागत नाहीत.

जुना कार्यकर्ता
पैसे लागत नाहीत, वेळ लागतो, आणि तो फुकट मिळत नाही. तरी कानसेन यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पायवाट, तुम्ही का गेलात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पन्नास पानांची साइट मी मान्य करणार नाही. पाच पानं ठेवा. प्रत्येक पानाखाली जबाबदार माणसाचं नाव आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख. सहा महिन्यांत तपासलं नाही तर पान काढून टाकायचं. ग्रुप राहील, पण तिथे उत्तराऐवजी पानाची लिंक द्यायची.

पायवाट
आपत्कालीन फोनचं पान मात्र काढायचं नाही, तपासायचंच. आणि ते नंबर दर महिन्याला कुणीतरी प्रत्यक्ष लावून बघायचे. आमच्या साइटवरचा नंबर एका मिठाईवाल्याला लागायचा.

निळी शाई
मान्य. पण कोणती पाच, हे कार्यालयात बसून ठरवू नका. गेल्या महिन्यातले ग्रुपवरचे प्रश्न काढा, जे पुन्हा पुन्हा आलेत त्यांची पानं करा. मग नुकत्याच आलेल्या कुणाच्या तरी हातात फोन द्या, 'प्रवासखर्चाचा फॉर्म शोध' म्हणा, आणि शेजारी बसून काही न सांगता बघा.

जुना कार्यकर्ता
काही न सांगता बसणं मला जमायचं नाही. ते तुम्ही करा. प्रश्न मी काढून देतो.