नफा कागदावर, पैसा कुठे?

धंद्याच्या आराखड्यात पाच वर्षांच्या नफ्याचा तक्ता दमदार हवा, असं बरेचदा सांगितलं जातं. माझं मत नेमकं उलटं. चौथ्या-पाचव्या वर्षाचे आकडे शेवटी अंदाजपंचेच असतात आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. खरी गोम पहिल्या 12 महिन्यांच्या रोकडीच्या तक्त्यात असते, म्हणजे कोणत्या महिन्यात हातात किती पैसे येणार आणि किती जाणार, यात.

माझ्या पहिल्या आराखड्यात चौथ्या महिन्यापासून नफा दिसत होता. कर्ज मागायला गेलो, तर समोरच्या बाईंनी नफ्याचं पान उलटून बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं, "गिऱ्हाईक पैसे किती दिवसांनी देणार?" मी विक्री झाली त्याच महिन्यात पैसे जमा धरले होते! प्रत्यक्षात उधारी 60 दिवसांची, माल सरासरी 20 दिवस गोदामात पडून आणि कच्च्या मालाचे पैसे मात्र 15 दिवसांत चुकते करायचे. म्हणजे 60 अधिक 20 वजा 15, असे 65 दिवस माझा पैसा अडकून. ढोबळमानाने तेवढ्या दिवसांच्या मालाची किंमत खेळतं भांडवल म्हणून आधीच हाताशी हवी. पगार आणि भाडं तर थांबत नाहीच. वर गंमत अशी की ऑर्डरी वाढल्या की हा खड्डाही वाढतो. आता मी विक्री आणि वसुली वेगवेगळ्या ओळींत लिहितो, आणि वसुली महिनाभर आणखी लांबली तर काय, हे त्याच तक्त्याखाली मांडतो.